पडदा कोणाचा, पैसा कोणाचा?

अमेरिकेच्या सॅन फ्रान्सिस्को शहरातल्या मिशन वस्तीत रॉक्सी नावाचे एक लहानसे, कोणत्याही मोठ्या कंपनीच्या साखळीत नसलेले चित्रपटगृह आहे. १९८० साली डेबोरा कॉफमन यांनी तेथे ज्यू चित्रपटांचा महोत्सव सुरू केला. जगातला हा पहिला ज्यू चित्रपट महोत्सव मानला जातो. पुढे तो मोठ्या थिएटरांत गेला आणि युरोप-अमेरिकेतल्या अनेक शहरांनी त्याचे अनुकरण केले. वाचकांना प्रश्न पडेल, की हॉलीवूडच्या उभारणीत ज्यू निर्मात्यांचा एवढा मोठा वाटा असताना ज्यूंना वेगळ्या महोत्सवाची गरज का भासावी? उत्तर साधे आहे. पडद्यामागे ज्यू पुष्कळ होते. पडद्यावरचा ज्यू मात्र बहुधा ठरावीक साच्यातला होता. कधी विनोदाचा विषय, कधी पैशाला चिकटलेला, कधी आईच्या धाकातला मुलगा. या साच्याबाहेरचा माणूस दाखवायचा तर पडदा आपणच उभारला पाहिजे, हा विचार या महोत्सवामागे होता.

हा युक्तिवाद मराठी मुसलमानांना नवा नाही. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. 'अखिल भारतीय संमेलन असताना हे वेगळे बिऱ्हाड कशाला?' हा प्रश्न तेव्हापासून आपला पाठलाग करीत आहे. मराठी कथेतला मुसलमान आणि हिंदी सिनेमातला मुसलमान ज्यांनी पाहिला आहे, त्यांना उत्तर ठाऊक आहे. शेरवानीतला नवाब, दर्ग्यावरचा कव्वाल, नायकासाठी प्राण देणारा चाचा आणि अलीकडे हातात बॉम्ब घेतलेला तरुण, एवढ्याच चौकटीत आपल्याला बसवले गेले. या चौकटीत सावकाराकडे खेपा घालणारा बागवान नव्हता, मालेगावचा यंत्रमाग कामगार नव्हता, डी.एड. करून नोकरीची वाट पाहणारी मुलगी नव्हती. त्यांना जागा मिळावी म्हणून वेगळा मंच लागला. तेव्हा ज्यू चित्रपट महोत्सवाकडे पाहताना आपली पहिली भूमिका समजुतीची असावी, असे आम्हाला वाटते. अल्पसंख्याकाला आपला मंच का लागतो, हे आपल्याला कोणी शिकवण्याची गरज नाही.

पण गोष्ट येथेच संपत नाही. ज्यू चित्रपट महोत्सव म्हटले की त्यात इस्रायलचे चित्रपट येतात, कधी इस्रायलच्या दूतावासाची मदत येते, आणि त्याबरोबर पॅलेस्टाईनचा प्रश्न येतो. या कारणावरून २०१४ साली लंडनमध्ये आणि २०२४ साली कॅनडातल्या हॅमिल्टन शहरात अशा महोत्सवांवर लहान स्वतंत्र चित्रपटगृहांचे दरवाजे बंद झाले. २०२५ साली अमेरिकेतल्या मायामी बीच येथे एका लहान चित्रपटगृहालाच घालवून देण्याचा घाट घातला गेला, पण उलट कारणाने. या तिन्ही घटना एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय त्यांतला धडा हाती येत नाही. आम्हाला दिसणारा धडा असा. माणसाला त्याच्या जन्माबद्दल जाब विचारू नये. संस्थेला मात्र तिच्या पैशाबद्दल जरूर विचारावा. आणि विचारायचा तो नियम आधी लिहून ठेवावा व सर्वांना सारखा लावावा.

आधी चित्रपटांविषयी बोलू. कारण वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंच्या बोलण्यात चित्रपट फार थोडे येतात. महोत्सवाचे नाव ऐकून 'हा सगळा इस्रायलचा प्रचार' असे म्हणणारे, आणि 'ही तर निव्वळ कला' असे म्हणणारे, दोघेही पडद्याकडे पाठ करून बोलत असतात.

रोनित आणि श्लोमी एल्काबेत्झ या बहीण-भावाचा 'गेट' हा २०१४ सालचा चित्रपट घ्या. 'गेट' म्हणजे ज्यू धर्मशास्त्रानुसार नवऱ्याने बायकोला द्यायचे तलाकपत्र. इस्रायलमध्ये दिवाणी विवाह नाही. लग्न आणि तलाक धर्मपंडितांच्या न्यायालयाच्या हाती आहेत. विवियान ही मोरोक्कोहून आलेल्या ज्यू घराण्यातली स्त्री तलाक मागते आहे. नवरा एलिशा तिला मारत नाही, उपाशी ठेवत नाही. तो केवळ 'देत नाही' म्हणतो. तो देत नाही तोवर पंडितांनाही काही करता येत नाही. पाच वर्षे तारखा पडत राहतात. संपूर्ण चित्रपट त्या न्यायालयाच्या खोल्यांत आणि बाहेरच्या बाकांवर घडतो. कॅमेरा रस्त्यावर जात नाही, घरात जात नाही. पाहणाऱ्याचा जीव गुदमरतो, आणि तोच या मांडणीचा हेतू आहे. हिब्रू, फ्रेंच आणि मोरोक्कोची अरबी अशा तीन भाषा पात्रांच्या तोंडी येतात. नवराबायकोचे खरे भांडण कोणत्या भाषेत होते, हे ऐकण्यासारखे आहे.

आमच्या वाचकांना हा चित्रपट परका वाटणार नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला. तेव्हापासून २०१७ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापर्यंत आपल्याकडची चर्चा तोंडी तलाकच्या घावाभोवती फिरत राहिली. 'गेट'मध्ये दुखणे उलट आहे. तेथे नवरा तलाक देऊन टाकत नाही, तो अडवून धरतो. आपल्याकडे १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने स्त्रीला न्यायालयाची वाट दिली आहे आणि शरियतमध्ये खुलाही आहे; तरीही खुला मागणाऱ्या बाईला किती उंबरठे झिजवावे लागतात, ते आपण जाणतो. हा चित्रपट पाहून कोणी म्हणेल, 'पाहा, यहुद्यांमध्येही असेच आहे.' एवढेच समाधान मिळवायचे असेल तर चित्रपट पाहण्याची गरज नाही. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते वेगळे. एका समाजातल्या बहीण-भावाने आपल्याच धर्मन्यायालयाच्या खोलीत कॅमेरा नेला, आणि हा चित्रपट ज्यू महोत्सवांतून फिरला. शत्रूच्या हाती कोलीत मिळेल म्हणून त्यांनी तोंड बंद ठेवले नाही. आपला मंच खरोखर आपला झाला आहे काय, याची कसोटी तेथेच लागते. ज्या मंचावर समाजाची फक्त आरती होते, तो मंच दुसऱ्यांनी बांधलेल्या चौकटीला घाबरूनच उभा असतो.

दुसरे उदाहरण आरी फोलमान यांच्या 'वॉल्ट्झ विथ बशीर' या २००८ सालच्या सचेतपटाचे. सप्टेंबर १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शातिला या निर्वासित छावण्यांत लेबनॉनच्या फालांजिस्ट टोळ्यांनी पॅलेस्टिनींची कत्तल केली. सभोवतालचा भाग इस्रायली सैन्याच्या ताब्यात होता. फोलमान तेव्हा तरुण सैनिक होते. आपल्याला त्या दिवसांतले काही आठवत नाही, हे लक्षात आल्यावर ते जुन्या सोबत्यांना भेटत जातात. सुरुवातीलाच सव्वीस कुत्री शहरातून धावत येतात. एका सोबत्याला लेबनॉनमध्ये स्वतः मारलेली कुत्री रोज स्वप्नात दिसतात. चित्रकारी विलक्षण आहे आणि आपल्या सैन्याच्या पापाकडे बोट दाखवण्याचे धैर्यही आहे. तरीही आमची तक्रार आहे. दीड तासात सैनिकांची स्वप्ने, सैनिकांची अपराधी भावना, सैनिकांच्या मनाचा दवाखाना, हेच चालते. ज्यांची कत्तल झाली त्यांच्यापैकी एकाचेही नाव आपल्याला कळत नाही. अखेरीस चित्रे थांबतात आणि खरी छायाफीत येते. आक्रोश करणाऱ्या बाया अरबीत काहीतरी सांगत असतात, पण त्यांच्या शब्दांना उपशीर्षक नाही. इतका वेळ प्रत्येक सैनिकाचे वाक्य भाषांतरित झाले. बाईचे वाक्य झाले नाही. कुणी म्हणेल, दुःखाला भाषांतर लागत नाही. आम्हाला हे पटत नाही. ती काय म्हणते, हे ऐकण्याचा प्रेक्षकाला हक्क होता आणि तिलाही ऐकवण्याचा हक्क होता.

एरान रिक्लिस यांच्या 'लेमन ट्री'मध्येही थोडे असेच होते. सलमा ही पॅलेस्टिनी विधवा; तिच्या लिंबाच्या बागेला लागून इस्रायलच्या संरक्षणमंत्र्यांचे घर उभे राहते आणि सुरक्षेच्या नावाने बाग तोडण्याचा हुकूम निघतो. हियाम अब्बास यांचा अभिनय इतका संयमी आहे की बाईने लिंबाला हात लावला तरी काही सांगून जातो. पण मंत्र्यांच्या पत्नीच्या सहानुभूतीला पटकथेने एवढी जागा दिली आहे, की बागेचा मालकी हक्क बाजूला पडून दोन एकाकी बायकांची गोष्ट पुढे येते. महोत्सवांना असे चित्रपट आवडतात. दोन्ही बाजूंना थोडे थोडे बरे वाटते आणि प्रेक्षक ओल्या डोळ्यांनी घरी जातो. शेवटच्या दृश्यातली भिंत आणि छाटलेली खोडे मात्र दिग्दर्शकाने प्रामाणिकपणे ठेवली आहेत, हे नमूद केले पाहिजे.

या तीन चित्रपटांत प्रचारपट एकही नाही आणि 'निव्वळ कला' म्हणून सोडून द्यावा असाही एक नाही. त्यांच्याशी वाद घालता येतो. मात्र वाद घालण्यासाठी ते पाहावे लागतात, आणि पाहण्यासाठी कोणीतरी दाखवावे लागतात.

आता पैशाकडे येऊ. लंडनच्या किलबर्न भागातले ट्रायसिकल थिएटर १९८० पासून चालू होते आणि १९९८ मध्ये त्याला सुमारे तीनशे खुर्च्यांचे चित्रपटगृह जोडले गेले. आता त्या जागेचे नाव किल्न थिएटर आहे. ही संस्था मुसलमानांच्या दुःखाविषयी उदासीन होती असे कोणी म्हणणार नाही. ग्वान्टानामोच्या तुरुंगात डांबलेल्या ब्रिटिश मुसलमानांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या साक्षींवरून रचलेले नाटक तिने २००४ मध्येच रंगमंचावर आणले होते. याच ट्रायसिकलमध्ये ब्रिटनच्या ज्यू चित्रपट महोत्सवाचे खेळ आठ वर्षे होत आले. २०१४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गाझावर बॉम्ब पडत होते. ते युद्ध संपेपर्यंत २,००० हून अधिक पॅलेस्टिनी मारले गेले. ऑगस्टच्या सुरुवातीस थिएटरने महोत्सवाला सांगितले, की इस्रायली दूतावासाची सुमारे १,४०० पौंडांची मदत या वर्षी घेऊ नका, ती रक्कम आम्ही आमच्याकडून भरून देतो. महोत्सवाने नकार दिला. थिएटरने जागा नाकारली. मोठे वादळ उठले आणि १५ ऑगस्टला थिएटरने आपली अट मागे घेतली. तोवर महोत्सवाने दुसरीकडे जागा पाहिली होती.

या वादात माणसे धर्माप्रमाणे विभागली गेली नाहीत, हे लक्षात घेण्यासारखे आहे. नॅशनल थिएटरचे तेव्हाचे संचालक निकोलस हायट्नर स्वतः ज्यू; त्यांनी ट्रायसिकलची बाजू घेतली. पाकिस्तानी मुस्लिम घरात जन्मलेले सांस्कृतिक मंत्री साजिद जाविद यांनी ट्रायसिकलला चुकीचे ठरवले.

आमचे मत असे की थिएटरने विचारलेला प्रश्न वाजवी होता. दूतावास म्हणजे सरकार. युद्ध करणाऱ्या सरकारचे बोधचिन्ह आपल्या दारावर लागू नये, असे एखाद्या संस्थेला वाटले तर त्यात ज्यूद्वेष नाही. महोत्सवाला ज्यू चित्रपट काढून टाका असे कोणी सांगितले नव्हते. इतकेच नव्हे, इस्रायली चित्रपट काढा असेही सांगितले नव्हते. रक्कम भरून देण्याची तयारी दाखवल्यावरही महोत्सवाने दूतावासाचाच पैसा हवा असा आग्रह धरला, तेव्हा तो पैसा केवळ मदत राहिला नाही, ती एक भूमिका झाली. मग 'आम्ही फक्त संस्कृतीचे काम करतो' हे म्हणणे लंगडे पडते.

परंतु प्रश्न वाजवी असूनही ट्रायसिकलची रीत आम्हाला मान्य होत नाही. दूतावासाची मदत त्या वर्षी नव्याने आलेली नव्हती. आठ वर्षे जो पैसा चालला, तो नवव्या वर्षी, महोत्सव तोंडावर आला असताना, एकाच पाहुण्यापुरता नियम करून नाकारला गेला. 'कोणत्याही युद्धखोर सरकारचा पैसा आमच्या जागेत चालणार नाही' असा नियम आधी लिहून, जाहीर करून, सर्वांना लावला असता तर त्याला वजन आले असते. टीकाकारांनी लगेच विचारले, की तुम्ही स्वतः ब्रिटिश सरकारच्या कला मंडळाचे अनुदान घेता, त्या सरकारच्या इराकमधल्या युद्धाचे काय? या प्रश्नाला थिएटरकडे पक्के उत्तर नव्हते. घाईत केलेल्या नियमाने एका ज्यू संस्थेला असे वाटायला लावले की तिची परीक्षा घेतली जात आहे. दहा दिवसांत नियम मागे घ्यावा लागला आणि पॅलेस्टिनींच्या पदरात काहीच पडले नाही. २००४ मध्ये पॅलेस्टिनी विचारवंतांनी सांस्कृतिक बहिष्काराचे आवाहन केले, त्यातही रोख संस्था आणि सरकारी संबंधांवर आहे, कोणाच्या जन्मावर नाही. हा फरक जपला नाही तर बहिष्काराचे हत्यार आपल्याच हाताला कापते.

हॅमिल्टनची घटना याहून वेगळी आणि आमच्या मते अधिक गंभीर. हमासने ७ ऑक्टोबर २०२३ रोजी केलेल्या हल्ल्यात सुमारे १,२०० माणसे मारली गेली, आणि त्यानंतर इस्रायलने गाझात जो संहार मांडला त्यात, गाझाच्या आरोग्य खात्याच्या मोजणीनुसार, २०२५ च्या मध्यापर्यंत मृतांचा आकडा ६०,००० च्या वर गेला. या काळात, मार्च २०२४ मध्ये, हॅमिल्टनच्या प्लेहाऊस या लहान स्वतंत्र चित्रपटगृहाने तेथील ज्यू महोत्सव पुढे ढकलला. कारण सुरक्षेचे सांगितले. ईमेल, फोन आणि समाजमाध्यमांवरचे संदेश येत होते. येथे कोणाच्या पैशाविषयी लिहिलेला नियम नव्हता. भीती वाटली आणि दार लावले. महोत्सवात इस्रायली चित्रपट होते म्हणून आक्षेप घेणाऱ्यांना आक्षेपाचा हक्क आहे. दाराबाहेर फलक घेऊन उभे राहण्याचा, पत्रके वाटण्याचा, खेळानंतर प्रश्न विचारण्याचा हक्क आहे. पण 'गडबड होईल' या कारणाने एका समाजाचा कार्यक्रम बंद होणे आपल्याला तर चांगले माहीत असायला हवे. कायदा व सुव्यवस्थेचे कारण सांगून मुशायरा, व्याख्यान, संमेलन यांची परवानगी ऐनवेळी नाकारली जाणे, हा अनुभव कोणाच्या वाट्याला येतो? जी गोष्ट आपल्या बाबतीत अन्याय, ती दुसऱ्याच्या बाबतीत न्याय होऊ शकत नाही.

आणि मग मायामी बीच. 'नो अदर लँड' हा माहितीपट बासेल अद्रा आणि हमदान बल्लाल या पॅलेस्टिनींनी, युवाल अब्राहम आणि राहेल सोर या इस्रायली ज्यूंच्या सोबतीने बनवला. पश्चिम किनाऱ्यावरच्या मसाफेर यत्तामध्ये घरे कशी पाडली जातात, याची ही नोंद. मार्च २०२५ मध्ये त्याला ऑस्कर मिळाले. याच महिन्यात ओ सिनेमा या लहान स्वतंत्र चित्रपटगृहाने तो दाखवला म्हणून शहराच्या महापौरांनी त्याचा भाडेकरार रद्द करण्याचा आणि अनुदान थांबवण्याचा प्रस्ताव आणला. जागा शहराच्या मालकीची, मदत शहराची. म्हणून पडदाही आमच्या मर्जीचा, असा हा हिशेब होता. कलावंत, नागरिक आणि नगरपालिकेतले इतर सदस्य विरोधात उभे राहिले आणि प्रस्ताव मागे घ्यावा लागला.

जे लोक हॅमिल्टनमध्ये 'सुरक्षा' ऐकून खूश झाले, त्यांनी मायामीकडे पाहावे; आणि जे मायामीच्या महापौरांच्या बाजूने बोलले, त्यांनी हॅमिल्टनकडे. चाबूक एकच आहे, धरणारा हात बदलतो. लहान चित्रपटगृहाजवळ भांडवल नसते, मोठ्या कंपनीचे वकील नसतात. भाडे, थोडे अनुदान, चार देणगीदार आणि तिकीट काढून येणारे प्रेक्षक, यांवर त्याचा गाडा चालतो. म्हणून त्याला वाकवणे सोपे. पण कोणतेही मोठे मल्टिप्लेक्स दाखवणार नाही असे चित्रपट तेच दाखवते.

हा चाबूक ज्यू महोत्सवांच्या पाठीवरही पडला आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या ज्या महोत्सवाने आम्ही सुरुवात केली, त्याने २००९ मध्ये 'राशेल' हा माहितीपट दाखवला. रेचल कॉरी ही तेवीस वर्षांची अमेरिकन मुलगी. १६ मार्च २००३ रोजी रफाहमध्ये पॅलेस्टिनींची घरे वाचवायला उभी असताना इस्रायली सैन्याच्या बुलडोझरखाली ती गेली. चित्रपट केला तो मोरोक्कोत जन्मलेल्या ज्यू दिग्दर्शिका सिमोन बित्तों यांनी. महोत्सवाने रेचलच्या आईला बोलायला बोलावले. त्यावर शहरातल्या ज्यू समाजात मोठा कलह माजला, आणि फेब्रुवारी २०१० मध्ये तेथील ज्यू फेडरेशनने अनुदानासाठी नवे नियम काढले, ज्यांचा मथितार्थ असा की इस्रायलच्या वैधतेला धक्का लावणाऱ्या कार्यक्रमांसाठी पैसा मिळणार नाही. म्हणजे ज्या महोत्सवाकडे बोट दाखवून आपण 'इस्रायलचा मंच' म्हणतो, त्यानेच रफाहची गोष्ट दाखवून घरच्यांचा रोष ओढवून घेतला होता. सगळे महोत्सव असे नसतात. पण एकही असा नसतो, असे म्हणणेही खोटे.

या साऱ्याचा महाराष्ट्राशी काय संबंध, असे वाचक विचारतील. संबंध आहे आणि तो जुना आहे. डॅनी बेन-मोशे यांचा 'शालोम बॉलीवूड' हा २०१७ सालचा ऑस्ट्रेलियन माहितीपट अनेक देशांच्या ज्यू महोत्सवांतून दाखवला गेला. त्याचा विषय हिंदी सिनेमातले ज्यू कलावंत. सुलोचना म्हणून गाजलेल्या रूबी मायर्स, नादिरा म्हणजे फ्लॉरेन्स एझिकिएल, आणि प्रमिला म्हणजे एस्थर अब्राहम, ज्यांनी कुमार या मुस्लिम अभिनेत्याशी संसार केला. सर्वांचे लाडके डेव्हिड हे तर चेऊलकर. 'आलम आरा' या १९३१ च्या पहिल्या बोलपटाची कथा ज्यांच्या नाटकावरून घेतली ते जोसेफ डेव्हिड हे पेणकर. चेऊल आणि पेण ही कोकणातली गावे. बेने इस्राएल समाज घाण्यावर तेल गाळणारा, शनिवारी काम बंद ठेवणारा, म्हणून 'शनिवार तेली'. त्यांची मातृभाषा मराठी, गावावरून आडनाव लावण्याची रीत कोकणी मुसलमानांसारखीच. इस्रायलला गेल्यावरही त्यांनी 'मायबोली' नावाचे मराठी नियतकालिक चालवले. उर्दूचेही असेच. आगा हश्र काश्मीरींचे 'यहुदी की लडकी' हे नाटक उर्दू रंगभूमीने डोक्यावर घेतले. त्यावरून १९५८ मध्ये बिमल रॉय यांनी 'यहुदी' काढला. रोमन अधिकाऱ्याच्या हुकुमाने ज्याचा मुलगा मारला गेला, तो एझरा त्याच अधिकाऱ्याची मुलगी आपली म्हणून वाढवतो. तेथे 'यहुदी' या शब्दाचा अर्थ होता जुलूम सोसणारा माणूस. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. आज वर्गात हा शब्द निघाला की मुलांच्या डोळ्यांपुढे रणगाडा उभा राहतो. यात मुलांचा दोष नाही, गाझातून येणारी चित्रे तशीच आहेत. पण एका राज्याच्या गुन्ह्याने एका भाषेतला शब्द असा खाऊन टाकावा, आणि आपण तो सोडवून घेण्याचा प्रयत्नही करू नये, हे शिक्षकाला शोभत नाही.

नोव्हेंबर २००८ मध्ये मुंबईवर हल्ला झाला, नरिमन हाऊसमधले ज्यू मारले गेले. तेव्हा बडा कब्रस्तानच्या विश्वस्तांनी हल्लेखोरांच्या प्रेतांना जागा देणार नाही असे सांगितले. त्यांनी ते आपल्या विवेकाने सांगितले. मात्र तेच विधान कोणी मुस्लिम संमेलनाला सभागृह देण्याची अट म्हणून लिहून मागितले असते, तर आपण अपमान मानला असता आणि योग्यच केले असते. निषेध मनातून येतो तेव्हा त्याला किंमत असते. भाड्याच्या पावतीबरोबर मागितला की तो निष्ठेचा दाखला होतो. असे दाखले देऊन आपण थकलो आहोत. तेव्हा ते दुसऱ्या कोणाकडे मागणाऱ्यांच्या रांगेत आपण उभे राहू नये.

याचा अर्थ पॅलेस्टिनींसाठी आवाज उठवू नये असा कोणी लावील, तर तो आमच्यावर अन्याय होईल. दूतावासाचा पैसा, शस्त्रांचा व्यवहार, सरकारी बोधचिन्ह, यांवर बोट ठेवलेच पाहिजे आणि ते उघडपणे ठेवले पाहिजे. मात्र हाच प्रश्न आपल्या मंचालाही विचारावा. आपल्या मुशायऱ्याच्या मागे कोणत्या पुढाऱ्याचा फलक लागतो? वार्षिकाच्या मलपृष्ठावर कोणाची जाहिरात येते? त्या पैशामुळे कोणती कविता वाचली जात नाही, कोणता लेख परत जातो? प्रत्येक साहित्य संस्थेने 'आम्ही कोणाचा पैसा घेणार नाही' हे एका कागदावर लिहून भिंतीवर लावावे. मग दुसऱ्याला विचारण्याचा अधिकार आपोआप येईल.

आणि एक सूचना. सोलापूर, औरंगाबाद, मालेगाव, भिवंडी येथे आपल्या संस्थांकडे सभागृहे आहेत, प्रोजेक्टर आहेत. तेथे 'नो अदर लँड' दाखवावा. अनेकांनी तो पाहायला हवा. पुढच्या महिन्यात 'गेट' दाखवावा आणि खुला मागून थकलेल्या एखाद्या भगिनीला चर्चेचे अध्यक्षस्थान द्यावे. 'वॉल्ट्झ विथ बशीर' दाखवावा आणि त्या न भाषांतरलेल्या बायांविषयी बोलावे. खर्च तिकिटातून काढावा. पंचवीस माणसे आली तरी पुरे.